उशाला ठेवलेलं कापड

नळाला पाणी आलं तरी मावशी उठली नाही, एवढंच शेजारच्या कमलबाईंनी फोनवर सांगितलं. पुढचं त्यांना बोलता आलं नाही आणि मलाही विचारायची गरज पडली नाही. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या चाळीत पाणी यायच्या आधी नळाशी जाऊन बसणारी पहिली बाई म्हणजे माझी धुर्पामावशी. तिच्या आधी कुणी हंडा लावत नसे. मी तेव्हा सुरतेबाहेर सचिन गावातल्या कारखान्यात, ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि सगळ्यात आधी आठवलं ते हे, की मागच्या रविवारी तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. अंगात ताप होता तिच्या. माझा हात धरून म्हणाली, “भाऊ, तू शिकेल माणूस शे. सांग बरं, मी तठे गऊ ते बेबी माले वळखी का?” बेबी म्हणजे तिची मुलगी, सात वर्षांची असताना तापात गेलेली. आपण तिकडे गेल्यावर लेक आपल्याला ओळखेल की नाही, हा तिचा प्रश्न. मी म्हणालो, “झोप आता, बोलू नको.” आणि बस चुकेल म्हणून निघालो.

याला आता सहा आठवडे झाले. खानदेशातून सुरतेला आलेल्या पुष्कळ घरांत तिला ‘सपनावाली मावशी’ म्हणूनच ओळखत. ज्यांनी तिच्याविषयी फक्त ऐकलं आहे त्यांना ती कोणी अंगात येणारी, लिंबू-अंगारा देणारी बाई वाटेल. तसं काही नव्हतं. दिवसभर ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, चष्मा दोरीने बांधायची, आणि मेलेली माणसं तिच्या स्वप्नात यायची, इतकंच. ज्याचं माणूस गेलं असेल त्याने त्या माणसाच्या अंगावरचं, न धुतलेलं एखादं कापड आणून द्यायचं. मावशी ते उशाला घेऊन तीन दिवस झोपायची. सकाळी उठल्यावर कुणाशी एक शब्द न बोलता नळाशी जायची, आणि पाणी सुरू झालं की वाहत्या पाण्याकडे बघत, पडलेलं स्वप्न सांगायची. मग ते कापड तिथेच स्वतःच्या हाताने धुऊन, पिळून, ज्याचं त्याला परत द्यायची. तीन दिवसांत कुणी आलं नाही तर “नही उना” म्हणून मोकळी व्हायची. असं ती दहापैकी सहा-सात वेळा तरी म्हणायची, म्हणूनच उरलेल्या वेळी लोक तिच्यावर विश्वास ठेवायचे.

आमच्या लोकांना तिची गरज का होती, ते मला फार उशिरा कळलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात, विस्तवावर पुरणपोळीचा घास टाकतात. पण मिलमध्ये कामाला असलेल्या माणसाला आखाजीची सुटी मिळेलच असं नाही. मग घागर सुरतेच्या खोलीत भरायची. आता गावाकडे वारलेला बाप सुरतेची वाट कशी शोधणार, त्याला पांडेसरा कोण दाखवणार, अशी खरीखुरी काळजी या बायकांना असे. “उधना स्टेशनला उतरून रिक्षा करेल की,” असं मी एकदा चेष्टेने म्हणालो, तेव्हा कमलबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला होता. त्याच कमलबाई नवरा गेल्यावर त्यांची बंडी घेऊन मावशीकडे आल्या आणि रेशनकार्ड कुठे ठेवलंय ते विचारायला सांगू लागल्या. मावशी म्हणाली, “जित्ता होता तेव्हा एक गोष्ट धड सांगितली नाही त्याने तुला. आता काय सांगेल, कप्पाळ?” नळावरच्या बाया हसल्या, कमलबाईसुद्धा डोळे पुसत हसल्या.

मी दहावी झालो त्या वर्षी माझे वडील गेले. आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेज होतं, पण मला शिकवण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतावर लावावं असं घरात सगळ्यांचं ठरत आलं होतं. मावशी दिवसकार्याला आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेली आणि परत येऊन माझ्या आईला म्हणाली, “तुझा नवरा विचारत होता, पोरगं कितवीला आहे.” एवढंच. पण त्यानंतर घरात कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. ती मला सुरतेला घेऊन आली. तिची खोली दहा बाय दहाची. मी अभ्यासाला बसलो की ती टिकल्यांचं काम घेऊन बाहेर ओट्यावर जायची, उन्हातसुद्धा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवीचा कागद तिने काचेत बसवून बेबीच्या फोटोशेजारी लावला आणि मला “बी.कॉम.” अशीच हाक मारू लागली. “आमना बी.कॉम. जेवना का?” आज मी जो काही आहे तो तिच्यामुळे आहे. हे वाक्य अशा लेखांत सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत ते कसं खरं आहे, ते पुढे येईलच.

बेबीसाठी मावशीला कापड लागत नसे. ती आपली आपण यायची, आठवड्यातून एक-दोनदा तरी. नवल म्हणजे स्वप्नात ती वाढत होती. “आज वेणी घालून उनी,” मावशी सांगायची, मग एका वर्षी “आता साडी नेसते, पण पदर सांभाळता येत नाही.” मी मनात म्हणायचो, दिवसभर जे मनात असतं तेच झोपेत दिसतं. कॉलेजात वाचलेलं होतं. पण तोंडाने कधी बोललो नाही. ज्या सकाळी बेबी येऊन गेलेली असे, त्या सकाळी मावशी भाकरी थापताना गुणगुणत असे.

सुरतेत प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पांडेसऱ्यातल्याच एका डाईंग मिलमध्ये टाइम ऑफिसला क्लार्क लागलो. हजेरीची कार्डं, रजेचे अर्ज आणि मशीनच्या तक्रारींची वही माझ्याकडे. खिडकीतून माझ्या वडिलांच्या वयाची माणसं मला साहेब म्हणायची आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. त्यांत सुकलाल नावाचा आमच्याच चाळीतला माणूस होता, जेट मशीनवर. त्या मशीनमध्ये बंद झाकणाखाली उकळत्या पाण्यात कापड रंगतं. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. एके दिवशी तो खिडकीशी येऊन म्हणाला, “साहेब, काटा अटकेल शे. लिखी ल्या.” त्याला लिहिता येत नव्हतं. माझ्यापुढे महिनाअखेरची कार्डं पडली होती. मी म्हणालो, “उद्या घेतो.” दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी म्हणालो, “खात्याच्या मास्तरला सांग ना.” तिसऱ्या दिवशी काटा शून्य दाखवत होता आणि आत वाफ कोंडलेली होती. त्याने झाकण उघडलं...

दोन दिवस तो इस्पितळात होता. मग गेला. मिलमधली निम्मी माणसं खानदेशातली. ती फाटकाबाहेर बसली. चौकशीला सरकारी साहेब येणार होते आणि सुकलालची बायको सिंधू, तिचा जबाब व्हायचा होता. सिंधू म्हणाली, आधी मी त्याला विचारते, मग बोलते. इस्पितळातून त्याचे कपडे मिळाले होते. त्यातला शर्ट तिने मावशीच्या हातात दिला. चाळ काय, आख्खी मिल तिसऱ्या सकाळची वाट बघू लागली.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. “पाटील, ए सपनावाळी तमारी मासी छे ने?” मी हो म्हणालो. मग हिंदीत म्हणाला, मरणाऱ्याने घाईत झाकण उघडलं, ही गोष्ट आहे. नाहीतर तक्रारींची वही निघेल. वहीत तक्रार का नाही, असं विचारतील. वही कुणाकडे असते?

त्या दुपारी मी रजा टाकून घरी आलो. मावशी ओट्यावर टिकल्या लावत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, “तो लिखी ल्या सांगे, तवय तू लिखं नही?” मी मान खाली घातली. म्हणालो, “मावशी, एवढं शिकवलंस ते सगळं मातीत जाईल. स्वप्नच तर सांगायचंय. तू काय सांगतेस ते कोण तपासणार आहे?” हे शेवटचं वाक्य मी बोललो. बी.कॉम. झालेला मी. तिला माझा अविश्वास माहीत होता की नाही कोण जाणे, त्या दिवशी कळला. तिने टिकल्या डबीत भरल्या, डबी बंद केली, आत गेली.

तिसऱ्या सकाळी नळाशी नुसत्या बायाच नव्हत्या, पुरुषही होते. मी आमच्या दारात उभा होतो. पाणी आलं. मावशीने हात धारेखाली धरला आणि पाण्याकडे न बघता म्हणाली, “उना व्हता. घाई मनीच व्हयनी, आसं सांगे. कोणाला बोल लावू नका म्हणाला.” सिंधूने आधी मावशीकडे बघितलं, मग दारात माझ्याकडे. ती रडली नाही. दुपारी तिने तसाच जबाब दिला, माणसं कामावर गेली, आणि आठवड्याभरात ती गावाकडे निघून गेली. शर्ट धुऊन परत द्यायचा असतो, याची त्या दिवशी कुणालाच आठवण राहिली नाही. मला वर्षभरात हेड क्लार्क केलं.

त्यानंतर मावशीकडे कुणी आलं नाही. म्हणजे लोक कापडं घेऊन यायचे, ती ठेवूनही घ्यायची, पण तिसऱ्या सकाळी “नही उना.” पुढच्याचंही “नही उना.” बाया म्हणू लागल्या, मावशी म्हातारी झाली. हळूहळू लोक यायचे थांबले. ती मात्र पाणी यायच्या आधी नळाशी जाऊन बसायची, पाणी आलं की थोडा वेळ धारेकडे बघायची आणि मुकाट हंडा लावायची. भाकरी थापताना गुणगुणणंही थांबलं. एकदा मी विचारलं, “बेबी कशी आहे?” ती पीठ मळत होती. म्हणाली, “ती येत नही आते.” पीठ मळतच राहिली. मला तेव्हा रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मी ती मिल सोडली, लग्न झालं, सचिनला राहायला गेलो. दर रविवारी जायचो, फळं न्यायचो. ती माझ्या बायकोला माझ्या आवडीचं काय काय ते सांगायची. त्या सकाळविषयी तिने एक अक्षर काढलं नाही. मीही नाही.

तेरावं झाल्यावर खोली आवरताना माझ्या बायकोने तिची उशी हातात घेतली आणि म्हणाली, “यात कापूस नाही नुसता, काहीतरी आहे.” शिवण उसवली. आत सुकलालचा शर्ट होता. रंगाच्या मिलमध्ये काम करणाऱ्याचा शर्ट, मूळ कुठल्या रंगाचा ते सांगता येऊ नये असा, आणि न धुतलेला. अदलाबदल होऊ नये म्हणून कामगारांच्या शर्टांवर आम्हीच टोकन नंबर टाकत असू. कॉलरच्या आत काळ्या शाईत माझ्या अक्षरातला नंबर होता. त्याच्यासाठी मी आयुष्यात लिहिलेली तेवढी एकच गोष्ट.

म्हणजे इतकी वर्षं ती त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होती. सुकलाल येईल, खरं काय ते सांगेल, आणि मग नळावर जाऊन सांगता येईल म्हणून. तो आला नाही, आणि त्याच्यामागे बाकीचेही आले नाहीत.

मागच्या आठवड्यात तो शर्ट घेऊन मी सिंधूबाईंच्या गावी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काटा, वही, मॅनेजर, मावशी. त्या शेंगा फोडतच होत्या. मग म्हणाल्या, “माले माहीत व्हतं.” तो गेला त्याच रात्री त्यांच्याच स्वप्नात आला होता. काटा शून्यावर होता, म्हणाला. “मग मावशीकडे का आलात?” मी विचारलं. “बायकोचं सपन कोण धरतं, साहेब? मावशीच्या तोंडून निघालं असतं तर चाळीने ऐकलं असतं.”

“मग त्या सकाळी बोलला का नाहीत?”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तुम्ही दारात उभे होते. तिला लेक नाही, नवरा नाही, तुमीच तेवढे. मना ते जायेलच व्हता. तिचा कशाला घालवू?”

मी शर्ट पुढे केला. त्यांनी कॉलर उलटून नंबरावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं त्यांना. मग घडी घालून माझ्याच हातात परत दिला. “तुम्हीच ठेवा उशाला. त्याले तुमनाकडून काही लिखी लेवानं व्हतं ना... यी एखाद दिन.”

उशी पुन्हा शिवून घेतली. बायको म्हणते, शर्ट तापीत सोडून या. मी म्हणालो, आखाजी होऊ दे. या वर्षी सुकलालची, मावशीची आणि बेबीची, अशा तीन घागरी भरायच्या आहेत. उशाशी एक वही आणि पेन ठेवून झोपतो. सकाळी उठल्यावर बायकोशी बोलण्याआधी वही उघडतो. अजून तरी कोरी आहे.