कानांवर हात ठेवलेलं चित्र

अर्जुनी मोरगावहून गोंदियाला जाणाऱ्या एसटीत ती म्हातारी आमच्या शेजारी बसली आणि शिंगाड्यांची पिशवी मांडीवर घेण्याआधीच बोलायला लागली. माझी चौदा वर्षांची लेक बोलत नाही. गळ्यातली चित्रांची कार्डं दाखवून सगळं सांगते.

"पोरगी काऊन बोलून नाही राहिली? रुसली का?" उत्तराला न थांबता म्हातारी आपल्या गुडघेदुखीवरून सुनेच्या तक्रारींवर गेली. लेकीने कार्ड पुढे केलं: कानांवर हात ठेवलेला मुलगा. म्हणजे गोंगाट नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीने ते निरखून पाहिलं. "चूप बसू का? मंग असं सांग ना, माय!" आणि ती खरंच गप्प झाली. मागे कुणीतरी मोबाईलवर गाणी लावली, तेव्हा लेकीकडून तेच कार्ड मागून घेऊन म्हातारीने त्याच्या नाकासमोर धरलं. गाणी बंद!

ती उतरताना कार्ड परत द्यायला लागली, तर लेकीने ते तिच्याच मुठीत दाबलं. एरवी कार्डांना कुणाला हात लावू न देणारी माझी लेक!

"सुनेपासून लपवून ठेवतो," म्हातारी म्हणाली, "नाही तं थे मलेच दाखवंल."

त्या आनंदात मी गोंदियापर्यंत लेकीशी बोलतच राहिले. तिने गळ्यातली कार्डं दोनदा चाळली. हवं ते सापडेना, तेव्हा तिने माझ्या तोंडावर अलगद हात ठेवला.