खडूची भिंत

पंपाच्या चाळीस बॉड्या फाउंड्रीच्या आवारात मांडल्या होत्या आणि चाळीसच्या चाळीस रिजेक्ट. साहेबांनी ड्रॉइंग माझ्यापुढं धरलं. खाली सही माझी होती.

"जोशी, तोंडाचं माप किती?"

"नव्वद."

"गिऱ्हाइकानं शहाण्णव मागितलंय. दोन आठवडे झाले, भिंतीवर लिहिलंय!"

लिहिलं होतं. चांगलं ठळक.

आधी ही भिंत काय ते सांगतो. मी कुपवाडच्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे वस्तूचं मापासकट चित्र काढणारा. त्यावरून मिस्त्री लाकडाचा नमुना करतो, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. मापं मधेच बदलत. फोरमन बदल भट्टीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. मी सकाळी आल्याआल्या भिंत वाचून ड्रॉइंग दुरुस्त करायचं. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण वीस वर्षं काही अडलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द सांगलीत कुणी ऐकला नव्हता. माझ्या बायकोला, कुसुमला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी साताऱ्याला दिलेली. ती महिनाभर राहिली आणि डोळे पुसत परत गेली. मग मी साहेबांच्या विनवण्या करून ड्रॉइंग बोर्ड घरी आणला. पॅटर्न करणारा रामू मिस्त्री येता-जाता लुनावरून कागद पोचवायचा. "काका, नोकरी सुटली काय?" असं गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारून घेतलं.

बोर्ड कुसुमच्या कॉटला लागून मांडला होता. तिला वेळेवर भरवता येई, कूस बदलता येई. मी काम करताना बडबड करायचो, ती ऐकायची. एक दिवस मी पेन्सिल खाली ठेवली आणि ती म्हणाली, "झालं?" झटक्यानंतरचा पहिला शब्द. मी ड्रॉइंगवरच रडलो, कागद बदलावा लागला. पुढं "पाणी" आलं, "अहो" आलं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

भिंतीची आठवण मला पहिल्याच आठवड्यात झाली होती. शेजारी फोन होता. पण रोज फोन केला तर साहेब म्हणतील, याला घरून जमत नाही. ही सवलत गेली तर कुसुमचं काय? म्हणून गप्प बसलो. काही बदललं तर रामू सांगेलच, अशी स्वतःची समजूत घातली.

आता त्या चाळीस बॉड्यांपाशी रामू माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता.

"तू भिंत वाचली नाहीस?"

"वाचली की. पर ड्रॉइंगात नव्वद हुतं. आवं, तुमीच सगळ्यांम्होरं झापलं हुतं मला, भिंतीवर काय बी असंल, आपुन ड्रॉइंगच्या भायेर जायाचं न्हाई. म्हटलं, तुमास्नी ठावं असंल."

खरं होतं. झापलं होतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "जोशी, उद्यापासून आठला इथं. वहिनींसाठी बाई बघा."

बाई ठेवली. कामाला चांगली होती. भरवायची, पुसायची, पण बोलायची नाही. तिनं बोलावं तरी काय? मी संध्याकाळी घरी येई तेव्हा कुसुम बोर्ड होता त्या जागेकडं बघत पडलेली असे. आधी "पाणी" गेलं, मग "अहो". "झालं?" सगळ्यात शेवटी गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली.

फाउंड्रीत त्यानंतर मापबदलाची वही आली. ती अजून चालू आहे म्हणतात. माझा जावई साताऱ्यात घरून काम करतो आणि मला त्याचे फायदे समजावून सांगतो. मी ऐकून घेतो. त्याला एवढंच सांगतो, रोज सकाळी ऑफिसला फोन करून काय बदललं ते विचारत जा, लाज वाटली तरी विचार.

आमच्या आणि शेजारच्या फोनच्या मध्ये एक दार होतं. ते दिवसभर उघडंच असायचं.