हट्टी ठिपका

सकाळी प्रयोगशाळेत काचेची बशी उजेडात धरली. बशीभर जिवाणूंची दाट साय धरली होती, फक्त आमच्या औषधाच्या थेंबाभोवती स्वच्छ, रिकामा गोल होता.

हे औषध लबाड आहे. ते दिसतं हुबेहूब जीवनसत्त्वासारखं. जिवाणू आपलं जीवनसत्त्व स्वतः बनवतो, आणि पुरेसं झालं की ते बनवणारं जनुक बंद करतो. हा तोतया नेमका जनुक बंद करणाऱ्या बटणावर जाऊन बसतो. जिवाणूला वाटतं, भरपूर आहे. तो चूल विझवतो आणि उपाशी मरतो.

पण आज त्या रिकाम्या गोलात जिवाणूंचा एक ठिपका उगवला होता.

"याचं बटणच बिघडलंय," शेजारी काम करणारी मीनलताई वैतागली. "औषध काही का सांगेना, हा आपला बनवतोच आहे!"

मी खरं तर औषधाच्या बाजूची. तरी त्या ठिपक्याचा मला अभिमान वाटला.

नोकरी सोड म्हणताना सासूबाई नेहमी मायेनं विचारतात, "तुला इथं काय कमी आहे गं?" किती गोड प्रश्न! तो नेमक्या जागी जाऊन बसतो, आणि बाई हातातलं काम खाली ठेवते. माझ्या आईची गाण्याची पेटी अशीच माळ्यावर गेली.

संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा विचारलंच.

"कमी आहे, आई," मी म्हणाले. "आणि ते माझं मीच बनवणार."