भेंडाला प्रदक्षिणा

चैत्रात मी कसब्यातल्या पंचांना लिहिले, वैशाखात कोतवालांना. दोघेही गप्प आहेत.

विषय एका अनोळखी विधवेचा. ती रोज सकाळी नदीकाठच्या भेंडाच्या झाडाला पाणी घालून संथपणे प्रदक्षिणा घाली. एकदा मी संतापून म्हणालो, "बाई, हा पिंपळ नव्हे! पान तसेच दिसते, पण टोकाला लांब शेपटी कुठे आहे? पिंपळाला अशी पिवळी फुले येतात? अशी टणक बोंडे धरतात?"

तिने गळलेले फूल उचलून बुंध्याशी ठेवले. "ठाऊक आहे, शास्त्रीबोवा. पिंपळाच्या पारावरून पंच मला उठवतात. हा बिचारा काही म्हणत नाही."

माझा राग तेव्हा योग्य जागी गेला. तिला कोणत्या शास्त्राधाराने उठवले, हे पंचांनी चावडीवर सर्वांदेखत सांगावे.