शिरा गेला गेनूभाऊच्या पोटात

आपल्या हातचं जेवून कुणी अर्धपोटी उठलं, तर मंजुळाबाईंना तो स्वतःचा अपमान वाटायचा. बाई लातूरकडची. रहाटणीत आल्यापासून कंपनीतल्या पोरांची खानावळ चालवली, पोरांना दटावून दटावून जेवू घातलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, खानावळ बंद झाली, आणि मग सोसायटीतल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांचा बाजार नि स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. कुणाला काय चावता येतं, काय पचतं, कुणाच्या फ्रीजमध्ये काय सडतंय, सगळं तोंडपाठ.

या बाईची जिरवली ती ज्योतीरामआबांनी. त्याच सोसायटीतला, साताऱ्याकडचा गडी, चाकणच्या कंपनीत टर्नर म्हणून उभा जन्म गेलेला. बायको गेल्यापासून आबा वाळत चालले होते. पँट कमरेवर टिकेना म्हणून नाडी बांधायचे. बेंगळुरूच्या लेकीनं, स्वरूपानं, मंजुळाबाईंना फोनवर स्पष्टच सांगितलं, "मावशी, संक्रांतीला येईन तेव्हा बाबांची तब्येत सुधारलेली दिसली नाही, तर मी त्यांना घेऊन जाणार."

आबांना जायचं नव्हतं. "तिथं खिडकीतनं खाली बघितलं की गाड्यांची टपं दिसत्यात. माणूस न्हाई," ते म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत बसले. मंजुळाबाईंनी पदर खोचला.

पहिली वादावादी मंडईत झाली. जन्मभर भरल्या घरासाठी पिशव्या वाहिलेल्या माणसाला पाव किलो भेंडी मागायची लाज वाटत होती. "काय बघायलाव आबा, मागा की," मंजुळाबाई म्हणाल्या. "भाजीवाली काय तुमची सोयरीक जुळवायला बसलीय? मागची किलोभर भेंडी मी कचऱ्यात टाकलीय, माहितंय ना?" आबांनी पाव किलो मागितली खरी, पण इतक्या हळू की भाजीवालीनं दोनदा विचारलं.

मग आठवड्याचं जेवण ठरलं. मटकीची उसळ, अंडं, दही, दाण्याची चटणी, कवळीला सोसेल अशी मऊ भाकरी. कुठं म्हणून खोट काढायला जागा नाही. पण ताट पुढ्यात आलं की आबा भिंतीकडे बघत, दोन घास कसेबसे गिळत आणि ताट सरकवत. "भूक न्हाई हो." मंजुळाबाई घरी जाऊन नवऱ्यावर चिडायच्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

अशात आबांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं निघालं. तिथं रांग असणार, म्हणून मंजुळाबाईंनी माळ्यावरचा त्यांचा कंपनीतला डबा काढून लख्ख घासला. एका पुडात पोळी-भाजी, दुसऱ्यात साजूक तुपातला शिरा. डबा परत आला तो चाटूनपुसून. मंजुळाबाई इतक्या हरखल्या की अख्ख्या जिन्याला सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी गवराबाई दारात उभी. तिचा नवरा गेनूभाऊ गावठाणातला, आबांच्याच खात्यातून रिटायर झालेला.

"बाई, तुमचा शिरा आमच्या म्हाताऱ्यानं खाल्ला," गवराबाई म्हणाली. "शुगर हाय त्याला. कालधरनं चढून बसलीया."

"अगं बाई. मग आबांनी काय खाल्लं?"

"आमची भाकरी, मेथी अन् ठेचा. समदं संपवलं. दाखल्याच्या रांगेत गाठ पडली, अन् दोघं बँकेच्या पायरीवर बसून खिदळत व्हते म्हणं."

आपल्या शिऱ्यापेक्षा मेथी गोड लागली? मंजुळाबाई तणतणत आबांकडे गेल्या. आबा खाली मान घालून म्हणाले, "बाई, कंपनीत आपला डबा आपण कधी खाल्लाच न्हाई. उघडायचा, मधी ठिवायचा अन् दुसऱ्याचा वडायचा. ताट घेऊन एकट्यानं जेवाया मला येतच न्हाई."

मंजुळाबाईंना एकदम आठवलं. खानावळीतली पोरंही हेच करायची, आणि आपण या माणसाला भिंतीसमोर बसवून उसळ वाढत होतो! राग कुठल्या कुठं गेला. त्या तडक गवराबाईकडे निघाल्या.

दोघींनी मिळून ठरवलं: डब्यांची अदलाबदल व्हायचीच, तर कुठलाही डबा कुणाच्याही पोटात गेला तरी चालला पाहिजे. शिरा बाद. मीठ बेतानं. उसळ, अंडी, पालेभाजी दोन्हीकडे. बाजारही एकत्रच, म्हणजे भाजी दोन्ही घरांत वाटली जाई आणि सडायची सोय उरली नाही. आबा आता मंडईत खणखणीत आवाजात किलोभर मागू लागले. रोज दुपारी गावठाणातल्या पारावर दोघांचे डबे उघडायचे आणि आबांचं हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

संक्रांतीला स्वरूपा आली ती बाबांचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊनच. घराला कुलूप. मंजुळाबाई तिला पारावर घेऊन गेल्या. आबा तोंडात घास घेऊन गेनूभाऊला काहीतरी रंगवून सांगत होते. गाल भरले होते, आणि कमरेला नाडी नव्हती, साधा पट्टा होता. स्वरूपा बघतच राहिली.

"बस की पोरी," गेनूभाऊनं आपला डबा तिच्यापुढे सरकवला. तिनं एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि मग डबा संपेपर्यंत जेवत राहिली.

"तू तिकडं दुपारी कुणाबरं जेवतीस गं?" आबांनी विचारलं.

"कुणाबरोबर नाही, बाबा. लॅपटॉप असतो समोर."

आबांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "वाळलीयस," ते म्हणाले. "ऱ्हा जरा जास्त दिस."

स्वरूपा डोळे पुसून हसली. बॅग रिकामी ती रिकामीच राहिली. मंजुळाबाई पदर खोचून, उद्यापासून आणखी एक डबा लागेल, असं गवराबाईला कळवायला निघाल्या.