अरुणच्या तांदळातले खडे

"कसा आहे अरुण?" असं सुमतीकाकूंना विचारायची सोय नव्हती. "तो काय परगावी गेलाय? त्यालाच विचार की," असं फटकन उत्तर यायचं. अरुण शेजारीच उभा असायचा; चोपन्न वर्षांचा, केस पिकलेला, बुद्धीने लहान राहिलेला. काकू तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. मुलुंडच्या सोसायटीत या मायलेकांचं आणि आमचं दार समोरासमोर. काकू जाऊन आता वर्ष झालं, तरी अरुणबद्दल कुणी विचारलं की माझ्या तोंडून तेच उत्तर निघतं.

तांदूळ निवडावेत ते अरुणनेच. माझ्याकडचेही तोच निवडायचा आणि खडा सापडला की माझ्या तळहातावर ठेवून "तुझा!" म्हणायचा. मग एका वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं. जिन्यात अडखळायचा, खाली उतरायचं म्हटलं की कठडा धरून ओरडायचा. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा. डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "अशा लोकांचं वय झालं की असंच होतं. आता संस्थेत ठेवा." खरं सांगते, मलाही ते पटलं होतं.

काकूंना नाही पटलं. आठवडाभर त्यांनी अरुणने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले आणि मागे राहिलेल्या खड्यांची वाटी डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. संतापल्या की त्या मालवणीवर यायच्या. "चाळीस वर्सांत ह्येच्या हातातसून खडो सुटलो नाय. माझो झील खुळावलो नाय, तेका दिसणा नाय!"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मला माझीच लाज वाटली.

ऑपरेशनं झाल्यावर अरुणने आईचा चेहरा हातात धरून नीट पाहिला. "आई, तू म्हातारी झालीस!"

"झाले ना. म्हणून आता तू माझ्याशिवाय राहायला शिकायचं." मग माझ्याकडे वळून, "मंगळवारी दुपारी हा तुझ्याकडे. मी येणार नाही." ते विचारणं नव्हतंच.

पहिल्या मंगळवारी तो सारखा दाराशी जाऊन रडला. समोर दाराखालच्या फटीत काकूंची सावली दिसत होती, पण त्या बाहेर आल्या नाहीत. असे कितीतरी मंगळवार गेले. मग एकदा पाचला त्या न्यायला आल्या, तर अरुणने दार अर्धंच उघडलं. "आत्ता नको. आमचा चहा व्हायचाय." आणि लावून घेतलं.

मी धावत जाऊन उघडलं. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

"लाव गं दार," त्या म्हणाल्या. "जमतंय त्याला."