पाळण्यावरचे तीन टिपके

रंग घासायची मशीन बंदच होईना. बटन सोडलं तरी ती आपली घुर्रर्र चालूच, माझे दोन्ही हात तिच्यासोबत थरथरताहेत, आणि आतल्या खोलीत पोरगी ठसकली. रडणं वेगळं आणि ठसकणं वेगळं. रडता रडता मधेच तिचा आवाज तुटला आणि मग काहीच नाही. तोंडाला ओढणी बांधलेली, पापण्यांवर भुसा, मी बटन दाबतेय, सोडतेय, परत दाबतेय, कुठलं दाबलं ते पण कळेना. मशीन हातात घेऊन पळावं तर वायर पायात गुंतत होती. मग मी ती पाळण्याच्या फळीवर तशीच चालू ठेवली आणि पळाले.

प्लग आतल्या खोलीत, दाराच्या बाजूलाच होता. नुसता हात लांब केला असता तर निघाला असता. पण मला प्लग दिसलाच नाही, मला पोरगीच दिसली. झोळीत आडवी, नाकातोंडातून दूध, चेहरा लाल. उचलली, खांद्यावर उलटी घातली, पाठीवर थापट्या मारल्या. दूध भडकन बाहेर आलं, मग तिनं श्वास ओढला आणि असा भोंगा पसरला की मी तिथंच खाली बसले. रड बाई, म्हटलं, रड, जोरात रड.

आणि तेव्हा मला मशीनचा आवाज ऐकू आला. सरकत असली की तिचा आवाज पुढंमागं होतो. आता तो एकाच जागी होता.

टिपके.

हे टिपके म्हणजे काय ते सांगते. माझं माहेर दापोऱ्याचं. तिथल्या घरात आमचा एक सागवानी पाळणा होता, आम्ही तिघं भावंडं त्याच्यातच झोपलो. आमच्या आईची एक रीत होती. मूल पहिल्यांदा पाळण्यात घालायच्या आधी ती काजळात बोट बुडवायची आणि पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीवर, बाहेरून, कोपऱ्यात दाबायची. बाळाच्या गालाला तीट लावतात तशी पाळण्याला तीट. म्हणायची, "नजर लागली तं लाकडाले लागू दे." तिघांचे तीन टिपके, एकाखाली एक. सर्वात वरचा माझा. केळीचे घड कापताना कधी तरी तिच्या बोटावर विळा बसला होता, त्याची खूण राहिली होती, म्हणून प्रत्येक टिपक्याच्या मधून एक बारीक आडवी रेघ जायची. लहानपणी मी त्या रेघेवरून नख फिरवत बसायचे.

पाळण्याला रंग आबा द्यायचे, आबा म्हणजे माझे वडील. आधी हिरवा, मग निळा, मग तो चॉकलेटी. पण टिपक्यांवर त्यांनी कधी ब्रश नाही फिरवला, सगळीकडून रंग लावायचे आणि ती जागा मोकळी सोडायचे. रंगावर रंग चढत गेले आणि टिपके खाली खोल राहिले, छोट्या खिडकीत ठेवल्यासारखे.

माझी पोरगी पोटात होती तेव्हा आई गेली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, माझं काही झालं नाही. माहेरी करणार कोण? इथं शहरात, बुधवारा मोहल्ल्यातच झालं, सासरी. सासूबाईंनी केलं सगळं, खोटं कशाला बोलू. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, सगळं. त्यांना मी मम्मी म्हणते. लग्न झालं तेव्हाच त्या बोलल्या होत्या की आई म्हण, पण माझ्या तोंडून निघेना, तर मग मम्मीवर ठरलं. गावची पोरगी, आठवीतून शाळा सुटलेली, इथं आले तेव्हा माझ्या बोलण्यावर घरातले सगळे हसायचे. मी "काऊन" म्हटलं की हसायचे. मग मी इथल्यासारखं हिंदीत "क्यों" म्हणायला लागले, तर त्याच्यावरही हसले. हळूहळू जमलं. सगळं जमतं. फक्त दुपारी घर शांत झालं की वाटतं, कोणी तरी मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारावी.

मशीन यांची. माझ्या मिस्टरांची. ते लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला आहेत. एका सुतारानं दुकान बंद केलं तेव्हा ते ही जुनी मशीन घेऊन आले, वरच्या दोन खोल्यांच्या खिडक्या-दारं स्वतःच घासून रंगवू म्हणून. खाली रेगमाल, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, लावायचा, हातात धरायची, लाकडावर फिरवायची. मागे एक पिशवी असते, भुसा तिच्यात जातो. मला त्यांनी शिकवलं आणि मला ती फार आवडली. जुना रंग निघून खालून लाकूड येतं ना, ते बघत बसावंसं वाटतं. खिडक्या मीच घासल्या. मम्मी खालून ओरडायच्या, "सून आणली होती, ही तर सुतारीण निघाली." पण मग शेजारणीला वर आणून त्याच खिडक्या दाखवायच्या.

मागच्या आठवड्यात आबांनी केळीच्या टेम्पोतून पाळणा पाठवला. रंग उडालेला, एका दांडीला फट पडलेली. फोनवर जास्त नाही बोलले. आबा कधीच बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "घासून घेजो बाई, साफ करजो. पन त्या टिपक्यायले मशीन नको लावजो."

मी कशाला लावते? टिपक्यांची जागा मी हातानं घासणार होते, नुसती कडेकडेनं. पाळणा उभा करून ठेवला, डोक्याकडची फळी वर, सगळीकडून रंग काढला. हात भरून आला म्हणून मशीनच्या बाजूचं ते छोटं बटन दाबलं. ते दाबलं की मोठं बटन आतच अटकून राहतं, धरून ठेवावं लागत नाही. यांनी सांगितलं होतं की सुटायला मोठं बटन परत एकदा दाबून सोडायचं, बस. आधी शंभरदा केलंय. पण पोरगी ठसकली आणि हात वेडे झाले. सोडवायच्या ऐवजी मी ते परत परत अटकवत होते.

फळीला चारी बाजूंनी उंच काठ आहे. चालू मशीन सरकत सरकत गेली, काठाला जाऊन लागली आणि कोपऱ्यात थांबली. तिथंच घासत राहिली.

पोरीला कडेवर घेऊन मी प्लग काढला. बघायला जायची हिंमत होईना. मग गेले. सर्वात वरचा गेला होता, मधला गेला होता, खालचा अर्धा उरला होता, भावाचा. आणि ती जागा, काय सांगू, पूर्ण पाळण्यात तीच सर्वात सुंदर झाली होती. पांढरीपिवळी, गुळगुळीत, आजच कापल्यासारखी. मी बोट फिरवलं. माझं बोट कुठंच अडकलं नाही.

आईचे फोटो आहेत माझ्याकडे. साडी आहे. पण फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघते, आणि साडी इतक्या वेळा धुतली की आता तिला माझ्याच पेटीचा वास येतो. तिनं माझ्यासाठी बोट टेकवलेलं असं लाकूड ते एकच होतं. माझ्या पोरीला मी त्याच्याखाली झोपवणार होते. म्हणणार होते, ही बघ तुझी आजी.

संध्याकाळी हे आले, बघितलं, बराच वेळ मशीनच उलटीपालटी करत बसले, जशी तिचीच चूक होती. मग म्हणाले, आबांना सांगून टाक. मम्मी म्हणाल्या, कशाला सांगते, काजळ लाव तीन ठिकाणी आणि मोकळी हो, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय? मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "तू आधी पोरीला उचललं ना? तुझ्या आईनं पण तेच केलं असतं."

माझ्या आईबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा काही ऐकलं. मग मात्र मी रडले.

उद्या आबा येताहेत पाळणा बांधायला. ते आले की पहिलं काय करतील ते मला माहीत आहे. पाणी नाही पिणार, पोरीला पण नाही घेणार. पाळण्यापाशी जातील आणि त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवतील. आई गेली तेव्हा ते तसंच करत होते, येता जाता, कोणाला दिसू नये असं.

मशीनची पिशवी मी झटकली नव्हती. आज सकाळी कागदावर उघडली. पिवळा भुसा, त्याच्यात चॉकलेटी, निळे, हिरवे कण, आणि मधे मधे काळं. ते काळं म्हणजे आईचं काजळ, दुसरं काय असणार? सुतार लोक फट भरायला भुशात सरस कालवतात, हे मला यांनीच शिकवलंय. दांडीची फट मी याच भुशानं तशी भरली. थोडा कालवलेला वाटीत उरलाय. मी त्याच्यात घरचं काजळ पण घातलंय.

वाटी समोर आहे, पोरगी झोळीत झोपलीय. माझ्या बोटावर विळ्याची खूण नाही, मधली रेघ काही येणार नाही. टिपका लावला तर तो माझा होईल, की आईचा? आणि आबांनी अंगठा ठेवला आणि काहीच बोलले नाहीत, तर त्यांना कळलं नाही असं समजू, की कळलं असं? नाही लावला, तर उद्या त्यांचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून घसरताना मला बघावं लागेल.

सरस वाळायला लागलाय. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?